जमनामाय आधी जेवते

जमनामायला जेवताना पाहिलं की भरल्या पोटाच्या माणसालाही पुन्हा भूक लागायची. ओट्यावर, रस्त्याकडे तोंड करून, ऐसपैस मांडी घालून ती बसायची. समोर पितळी, पितळीत दादर ज्वारीची गरम भाकर, भाकरीवर लोण्याचा गोळा, कडेला अंबाडीची भाजी नि मिरचीचा ठेचा. घास तोंडात गेला की डोळे मिटायची. चावत बसायची, चावत बसायची, आपल्यालाच वाटावं की आता गिळ बाई एकदाची. मग डोळे उघडून रस्त्यावरच्या माणसाला विचारायची, "काय देखी ऱ्हायना रे? जेवी ऱ्हायनी मी."

बघण्यासारखंच होतं ते. घरातल्या कर्त्या मुलाचं जेवण व्हायचं असायचं, गडीमाणसं शेतातून यायची असायची, आणि ही विधवा बाई सगळ्यांच्या आधी पोटभर जेवून ढेकर देऊन मोकळी! साऱ्या लोणखेड्यात असं दुसरं घर नव्हतं. शहाद्यातही नसावं.

माझे यजमान लोणखेड्याच्या मराठी शाळेत मास्तर होते. मी सतरा वर्षांची, नाशिककडची, लग्न होऊन नुकती तिथं गेलेली. गावची अहिराणी मला ओ की ठो कळत नव्हती; दोन बाया बोलत असल्या की मला वाटायचं भांडताहेत. तिसऱ्या दिवशी शेजारची ही उंच, काळीसावळी, साठी उलटलेली बाई सरळ आमच्या चुलीपाशी आली, माझं मनगट धरलं नि म्हणाली, "माय वं! हात शे का काडी?" मी गोंधळून बघत राहिले. "कव्हय जेवनी?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की हे शाळेतून येऊन जेवले की मग मी जेवते. उरलंसुरलं. आईनं शिकवलेलं ना! जमनामायनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चोरीच कबूल केली होती. खाली बसली, माझ्याच तव्यावरची भाकर काढली, माझ्याच हातात दिली नि मी ती संपवीपर्यंत हलली नाही. ह्यांना ते संध्याकाळी सांगताना मी रडले होते, म्हटलं, शेजारीण फार दांडगी आहे हो. पुढं तेरा वर्षं त्या दांडगाईवरच जगले मी!

आंग, हा तिचा शब्द. शरीर म्हणायची नाही, तब्येत म्हणायची नाही. "आंग सांभाळ वं." आणि आंगाशी ती बोलायची, हे मी कानांनी ऐकलेलं आहे. सकाळी उजाडलं की बाजेवर बसून तिळाच्या तेलानं पाय चोळायची नि एकेकाची विचारपूस. "काय रे गुडघा, झोप लागनी का?" मग खांद्याकडे वळून, "तू काल जातावर लई बोंबलना. आज तुले सुटी." आणि खरंच त्या दिवशी डाव्या हातानं दळायची. दोन्ही हातांनी आळीपाळीनं दळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी हसले तर म्हणायची, "डावा हात काय देखाडाले दिन्हा का देवनी?"

दुपारी घटकाभर झोपायची, तीही दार सताड उघडं टाकून. सुनांनी, बायांनी दिवसा आडवं होणं म्हणजे तेव्हा पापच. कुणी दारात येऊन हाक मारली तर डोळे न उघडता सांगायची, "मी झोपेल शे. मंग ये." आणि पाणी! पायविहिरीचं पाणी तसंच पिऊन गावातल्या कितीतरी माणसांना नारू व्हायचा, पायातून हातभर लांब किडा निघायचा. जमनामाय पाणी दुहेरी धडक्यातून, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून, गाळून प्यायची. लग्नाला गेली तरी धडकं कमरेला खोचलेलं. शहाद्याच्या एका लग्नात हिनं भर पंगतीत वरमाईच्या तांब्यावर धडकं ताणलं नि वरमाय अशी रुसली, अशी रुसली की शेवटी जमनामायनंच तिची समजूत काढली. समजूत काढून झाल्यावर तिलाही गाळूनच पाजलं.

हे सगळं आलं कुठून, असं मी एकदा विचारलं. आम्ही दोघी तिच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. तिनं सूप बाजूला ठेवलं नि बोटं मोजायला लागली. सासू, पस्तिशीत गेली. सासूची सासू, त्याच्याही आधी. थोरली जाऊ, तिसऱ्या बाळंतपणात. नणंदा दोन. "ह्या घरमा एक भी बाईनी चाळीस नई देखं," म्हणाली. तिला स्वतःला सात मुलं झाली नि सातवा तेवढा जगला. सहा गेली म्हणून ह्याचं नाव दगा ठेवलं, दगडासारखा टिकावा म्हणून. दगाच्या बाळंतपणानंतर ही उठेचना. नखं पांढरी पडली, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. आपलीही बारी आली, असं धरूनच चालली होती.

त्या साली कापूस वेचायला धडगावकडच्या डोंगरातल्या बाया उतरल्या होत्या, दरसाल यायच्या तशा. त्यात एक भुरी नावाची. शेतात आली, कापसाला हातही लावला नाही, बांधावर बसली नि फडक्यातली भाकर सोडून खायला लागली. तिचा नवराही शेजारी बसून खातोय, बरोबरीनं. जमनामाय मालकीण. म्हणाली, आधी काम, मग खाणं. भुरीला तिची बोली नीट कळली नसेल, पण चेहरा कळला. तिनं हिच्या पांढऱ्या नखांकडे बघितलं, अर्धी भाकर मोडली नि पुढे केली. "मी मालकीन, ती मजूर! लई लाज वाटनी वं. पन खादी." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जमनामायला एकदाही अंधारी आली नाही. तेव्हापासून रोज शेतात जाऊन, तुरीच्या आड बसून, सगळ्यांच्या आधी खायचं. सासरा होता, नवरा होता, उघड कुठलं खाणार? "बारा वरीस चोरी करी," ती सांगायची नि खदखदून हसायची. "मन्हाज घरनं मीज चोरं!"

नवरा गेल्यावर ती उघड जेवायला लागली. चाळीस ओलांडली, पन्नास ओलांडली, साठीही मागे टाकली. एकटीनं. आणि तिथंच तिचं घोडं अडलं होतं. "मी एकली जगनू त्याना काय फायदा? केसरनी चाळीस देखाले पाहिजे."

केसर म्हणजे दगाभाऊची बायको. संवत छप्पनच्या मोठ्या दुष्काळात जन्मलेली, म्हणून तिचं वय पक्कं माहीत. नाही तर बायकांची वयं कोण लिहून ठेवतं! मी गेले तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची. गोड, भित्री, हाडांची काडं झालेली. दोन मुलं झाली नि दोन्ही गेलेली, आणि आता पुन्हा दिवस गेले होते. जमनामायनं पदर खोचला. तव्यावरची पहिली भाकर केसरची, तिच्यावर तुपाची धार, वर वाटीभर दूध, मेथीचा लाडू. केसर मान हलवायची, ताट घेऊन लाजत आतल्या खोलीत जायची, रिकामं ताट घेऊन बाहेर यायची.

महिना झाला, दीड महिना झाला. केसरच्या आंगाला काही लागेना! डोळे खोल गेलेले, पायऱ्या चढली की धाप. जमनामायनं तूप वाढवलं. केसर तशीच. जमनामायनं म्हशीचा खरवस खाऊ घातला. केसर तशीच. मी त्या बाईला एवढी घाबरलेली कधी पाहिली नव्हती. माझ्याकडे येऊन म्हणायची, "कोठे जास वं इतलं तूप?"

कुठं जात होतं ते एका सकाळी कळलं. आम्ही ओट्यावर होतो नि दगाभाऊ आतून आला, पोटावर हात ठेवून, कळवळून. बंडीची दोन बटणं तुटलेली, गाल वर आलेले. ओट्यावर बसला नि आईला हात जोडले.

"माय, आते बस कर. मन्हाघाई नई खवात."

"काय नई खवात?"

"दोन-दोन येळा जेवाडस ना ती मले. एक तिनं, एक मन्हं. तू सांगस म्हने तिले."

जमनामाय माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. सून वाळतेय नि पोरगा फुगतोय, रोज डोळ्यांसमोर, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता! मला हसू आवरेना. पण दारात केसर उभी होती, तोंडात पदर धरून, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. माझं हसू जागच्या जागी विरलं.

"नवराना आगोदर बाईनी खादं तं नवरानं आयुष्य कमी व्हस," केसर कशीबशी बोलली. "आई सांगे मन्ही. आनि..." पुढचं तिला बोलवेना. पण गावात जे सगळे बोलायचे तेच ते होतं, आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. जमनामाय चोरून आधी खायची आणि तिचा नवरा गेला.

मला वाटलं आता काही खरं नाही. जमनामाय उठून केसरपाशी गेली. मग सुनेला जवळ बसवलं, स्वतःच्या पदरानं तिचं तोंड पुसलं नि म्हणाली, "वं खुळी, तो सापनी चावा म्हनीसन मरना. सापले काय माहीत मी कव्हय जेवनू?"

आधी दगाभाऊ हसला. पोट धरून, आई गं आई गं करत हसला. मग केसर रडता रडताच हसली. दगाभाऊ तिला म्हणाला, "तू खाय वं. मी नई मरस. तू असंज जेवाडशी तं मातर पोट फुटीसन मरसू!" दुसऱ्या दिवसापासून जमनामायनं आतली खोली बंद केली. केसरचं ताट ओट्यावर, तिच्या शेजारी, भर रस्त्यावर. सासू एक घास घ्यायची, सुनेकडे बघायची. सून एक घास घ्यायची, जमिनीकडे बघायची. आठ दिवसांनी तीही वर बघायला लागली. मीसुद्धा माझं ताट घेऊन जाऊ लागले, खोटं कशाला सांगू. एकटीला घरात बसून कोण खाईल!

मग आळीतल्या आणखी दोघी-तिघी आपापल्या ओट्यावर बसायला लागल्या आणि गाव तापलं. दगाभाऊचे चुलते भीकनआबा भावकीतले वडीलधारे. त्यांच्याकडे गाऱ्हाणी गेली. ते नेमके आले पोळ्याच्या दिवशी. दारात बैल उभे, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि जमनामाय पुरणपोळी हातानं बैलांच्या तोंडात घालत होती. भीकनआबा ओट्यावर टेकले, पागोटं सरळ केलं नि म्हणाले, "वहिनी, हाई बरं नई. बाया आगोदर जेवतस, माणसं मांगे. गाव हसी ऱ्हायनं."

"आबा, तुमनं व्हयनं का जेवन?"

"नई अजून. बैलनं व्हवाले पाहिजे ना पह्यले."

"का बरं?"

"का म्हंजे? वरीसभर राबतस त्या."

 जमनामायनं बैलाच्या तोंडात दुसरी पोळी घातली, हात पुसले नि आबांकडे नुसतं बघत उभी राहिली. आबा बैलाकडे बघत होते. मग ओट्यावर बसलेल्या केसरकडे बघितलं, तिचं पोट दिसायला लागलं होतं. मग पुन्हा बैलाकडे. तंबाखूची चंची काढली, परत ठेवली. जमनामाय हळूच म्हणाली, "उपाशी बैलले तुमी औतले जुपतस का, आबा? मंग मन्ही सुनले काब्रं जुपो?"

आबा उठले. जाताना एवढंच बोलले, "तुन्हा तोंडले कोन लागी!" पण त्यानंतर त्यांनी कधी विषय काढला नाही. त्यांची सून मात्र दिवाळीपर्यंत ओट्यावर आली. जरा आडोशाला, पण आली.

केसरला माघात कळा सुरू झाल्या, पहाटे. सुईण आत गेली आणि जमनामाय दाराबाहेर बसली. सूर्य वर आला, डोक्यावर आला, कलला. आतून केसरचा आवाज बारीक बारीक होत चाललेला. दगाभाऊ अंगणात येरझारा घालत होता. मी ताट करून आणलं, तर जमनामायनं ते दूर सारलं. पहिल्यांदाच पाहिलं मी तसं. तिच्या ओठांवर बारीकशी पुटपुट चालली होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. कान दिला तर सासूचं नाव, थोरल्या जावेचं नाव, नणंदांची नावं. मी तिचा हात धरला. 

चारच्या सुमाराला रडण्याचा आवाज आला. सुईणीनं दार किलकिलं करून, मुलगी झाली म्हणून जरा पडेल आवाजात सांगितलं, "पोर शे, माय."

"बाई कशी शे?"

"पोर शे म्हनस ना मी..."

"ते समजनं! बाई कशी शे?"

"बाई बरी शे. भूक लागनी म्हनस."

जमनामाय उठली आणि कपाळ भिंतीला टेकून मोठ्यांदा रडली. लगेच डोळे पुसून चुलीकडे पळाली. त्या दिवशी बाळंतिणीचं झालं, सुईणीचं झालं, दगाभाऊचं झालं, माझंसुद्धा झालं, आणि मग सर्वांच्या शेवटी ती जेवली. मला दम भरला, "कोनले सांगू नको हां!" आज सांगतेय.

पोरीचं नाव ठेवलं गोमती. गावाशेजारच्या गोमाई नदीवरून. हाक मात्र गोमी. तिच्या पाठीवर दोन मुलगे झाले. केसर अशी भरली, अशी तकाकली, की माहेरच्यांनी ओळखलं नाही. दर दिवाळीला जमनामाय तिला समोर उभी करायची, नखं बघायची, पापण्या ओढून बघायची नि वर्ष जाहीर करायची. "बत्तीस!" "पस्तीस!" "सदतीस!" पस्तीसला जमनामायच्या सासूला मागे टाकलं म्हणून आळीभर गुळाची शेव वाटली होती. एकदा हिवतापानं केसर महिनाभर अंथरुणाला खिळली, तेव्हा म्हातारी दिवसरात्र पायाशी बसून होती. म्हातारी म्हटलेलं मात्र तिला चालायचं नाही.

केसरला चाळीस पुरी झाली त्याच हिवाळ्यात ह्यांच्या बदलीचा हुकूम आला. आमचं सामान बांधून झालं होतं. जमनामाय म्हणाली, एक दिवस थांबा, आपण प्रकाशा गावाला जाऊ, तापीवर. दगाभाऊनं दमणी जुंपली. ती, केसर, गोमी नि मी. जमनामाय तेव्हा ऐंशीला एखादं कमी असेल.

घाटाच्या पायऱ्या ती माझ्या आधी उतरली. कमरेएवढ्या पाण्यात केसरला हाताला धरून नेलं नि पाण्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "तापीमाय, देख. हाई मन्ही सून. चाळीसनी शे." केसर लाजून चूर. आंघोळीला आलेली माणसं माना वळवून बघायला लागली. चाळीस वर्षं वय झालं म्हणून कुणी बाईची अशी द्वाही फिरवतं का? जमनामायनं तिच्या डोक्यावर ओंजळीओंजळीनं पाणी घातलं, तान्ह्या पोराला घालावं तसं, आणि केसर, तीन लेकरांची आई, मान खाली घालून उभी राहिली.

मग जमनामाय वर येऊन पायरीवर बसली. ओलेतीच. बराच वेळ नदीकडे बघत बसली.  ज्यासाठी ही बाई जगली ते होऊन गेलं की. माणसं असं काही पुरं झालं की हात सोडतात, हे मी घरीदारी बघितलं होतं. उद्या मी जाणार, पुन्हा भेट व्हायची नाही, आणि हिनं आता आंगाशी बोलणं सोडलं तर?

"माय," मी विचारलं, "आता?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. गोमी पायऱ्यांवर वरखाली उड्या मारत होती, तिच्याकडे बघत होती ती.

"किती वरीसनी व्हयनी वं ती?"

"बारा," केसर म्हणाली.

जमनामायचे ओठ हलले, बोटं पेरांवर फिरली. मग तिनं लुगड्याचा पदर पिळला, गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि कुणाचाही हात न धरता पायऱ्या चढायला लागली. अर्ध्यावर जाऊन मागे वळली. आम्ही तिघी अजून खालीच होतो.

"बसी काय ऱ्हायन्यात वं?" ती वरून ओरडली. "उठा! मले अजून अठ्ठावीस वरीस काढनं शेतस."